मूळ शिट्टी

आमच्या इंजिनाबद्दल मी जे सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं. कुठलं निम्मं, ते मात्र विचारू नका. सांगता सांगता माझं मलाच ओळखू येत नाही.

कवठे महांकाळच्या अलीकडे एक छोटं स्टेशन होतं. मोठी लाइन झाली, ती लांबून गेली, आणि हे स्टेशन जागच्या जागी म्हातारं झालं. त्याच्या आवारात आता आमचं रेल्वे संग्रहालय आहे. संग्रहालय म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, भिंतीला टांगलेले कंदील आणि झेंड्या, काचेच्या कपाटात पुठ्ठ्याची जुनी तिकिटं, आणि मधोमध अडीच फुटी रुळांवर उभं असलेलं वाफेचं इंजिन. काळंभोर, पितळेच्या पट्ट्यांचं, नवरदेवासारखं नटलेलं. लोक येतात, मोबाइलवर फोटो काढतात, आणि मग मी सुरू होतो.

हे इंजिन सापडलं तेव्हा त्याच्यात बाभळी वाढल्या होत्या. एक तर सरळ धुराड्यातून वर आली होती. बाभळी तोडल्या तेव्हा आतून काय निघालं, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. आमच्या गेटवर बसणारा हवालदार म्हणतो, एक कोंबडी निघाली. मी सांगतो, कोंबडी आणि तिची सात पिल्लं. सोबत दोन मुंगसं आणि एक आग्यामोहोळ. शाळेची सहल असली तर बिबट्याही निघतो. आणि गाडीचा वेग? जाताना खिडकीतून हुरड्यावर आलेली ज्वारी दिसायची, परतीला तीच खळ्यावर.

इंजिनिअर म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले साताऱ्याचे एक साहेब, त्यांनी हे सगळं उभं केलं. स्टेशनमास्तरच्या जुन्या खोलीतच ते राहतात. मी आयुष्यात खोटं न बोलणारे दोनच पाहिले. एक बॉयलरची, आत पाणी किती ते दाखवणारी काच आणि दुसरे हे साहेब. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी पत्र्याची छोटी पाटी लावलेली. जी वस्तू इंजिनाबरोबर आलेली, तिच्यावर काळ्या अक्षरात ‘मूळ’. जी आम्ही नंतर बसवली, तिच्यावर लाल अक्षरात ‘नवे’. एकदा माझ्या खुर्चीवरही ‘नवे’ लावून ठेवलेलं. मला वाटलं साहेबांनी विनोद केला. तसं नव्हतं. फोटो बघून ती खुर्ची मूळ आहे अशी एका पाहुण्याची गैरसमजूत झाली होती.

मी तिथं कसा पोचलो, तेही सांगतो. मी मूळचा कडेगावकडचा, पण तीस वर्षं इथल्याच साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. लोक मला अजून मिस्त्रीच म्हणतात. निवृत्त होऊन घरी बसलो आणि महिन्याभरात मी बायकोच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून वहीत उतरवायला लागलो. तूरडाळ, चार. हरभरा, सहा. एक दिवस तिनं वही हातातून काढून घेतली.

“आवं, तुमी कुटंतरी जावा,” ती म्हणाली. “न्हाईतर मी जाती.”

इंजिनाला बॉयलर असतो हे मला माहीत होतं. मी तिथं गेलो. साहेबांनी मला बॉयलरच्या पोटात उतरवलं, गंज खरवडायला. दोन वर्षं मी त्या लोखंडाशी बोलत होतो. नळ्या बदलल्या, पत्रे ठोकले, चाकाच्या दांड्यांना तेल पाजलं. सकाळी आठ वाजले की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. ते इंजिन नसतं तर मी आज घरात वाटाणे मोजत बसलो असतो.

सगळं झालं, एकच गोष्ट राहिली. शिट्टी.

इंजिन ओसाड पडलेलं असताना कुणीतरी पितळेच्या लोभानं ती काढून नेली होती. टपावर जिथं ती असायची तिथं नुसतं भोक. साहेबांनी दोन ठिकाणी पत्रं लिहिली, कुठं मिळाली नाही. मग त्यांनी एक पाटी रंगवून घेतली: ‘शिट्टी उपलब्ध नाही’.

मला ती पाटी बघवेना. इंजिनाला शिट्टी नाही म्हणजे कोंबड्याला आरवणं नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, “साहेब, मी आणतो. मिरजेत एक जुना भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. ह्याच इंजिनाची शिट्टी त्याच्याकडे पडलीय म्हणतो.”

“ह्याच इंजिनाची?” साहेबांनी चष्मा वर केला.

“ह्याच,” मी म्हणालो.

भंगारवाला नव्हताच. जे होतं ते माझ्या स्वयंपाकघरात होतं. आमच्या कारखान्याचा भोंगा पूर्वी वाफेवर वाजायचा. पुढे विजेचा सायरन आला आणि जुना भोंगा स्टोअरमध्ये पडला. मी निवृत्त झालो तेव्हा बाकीच्यांनी शाल-श्रीफळ घेतलं. मी म्हणालो, मला तो भोंगा द्या. सायरन येईपर्यंत मीच तो वाजवला होता. अख्खं पितळ, फूटभर उंच, घंटेसारखा घाट. घरी नेला तर बायकोनं त्यात उलथनी आणि लाटणं उभं केलं.

मी ते सगळं ओट्यावर काढून ठेवलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

“आता उलथनी कुटं ठिवू मी?”

“रेल्वेला पायजे,” मी म्हणालो.

“रेल्वेला लाटणं लागत न्हाई का? तेबी न्या.”

भोंग्याच्या बुडाला कारखान्याचा नंबर ठोकलेला होता. तो मी कानशीनं घासून काढला. अंगणात बसून, भर दुपारी, राजरोस. आणि खरं सांगतो, घासताना माझा हात जड झाला होता. पण मी स्वतःला म्हणालो, पितळ ते पितळ, वाफ ती वाफ. नवे आटे पाडले, पॉलिश केलं, आणि फडक्यात गुंडाळून साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. फिरवून पाहिलं. बुडाशी घासलेल्या जागी बोट टेकवलं.

“इथं काय होतं?”

“गंज,” मी म्हणालो.

पितळेला गंज चढत नाही हे त्यांना माहीत नसेल असं नाही. पण दोन वर्षांत मी त्यांच्या बॉयलरला कधी चुकीचा टाका घातला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, “मिस्त्री, तुम्ही कमाल केलीत,” म्हणाले, आणि पेंटरला हाक मारून पाटी लिहायला लावली. काळ्या अक्षरात. ‘मूळ’.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे ती पाटी बघून मी का धास्तावलो ते कळेल. आमच्याबरोबर आधी एक निवृत्त गुरुजी होते. पाहुण्यांना माहिती द्यायचे, माझ्यापेक्षा गोड बोलायचे. त्यांनी एक कंदील आणला आणि तो ह्याच स्टेशनचा म्हणून सांगितलं. साहेबांना त्याच्या तळाला बाजारातल्या दुकानाचा शिक्का सापडला. साहेब ओरडले नाहीत. “गुरुजी, उद्यापासून येऊ नका,” एवढंच म्हणाले. गुरुजी पुन्हा आवारात दिसले नाहीत.

म्हणजे हे बाहेर पडलं तर माझंही इंजिन सुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिली चाचणी सोमवारी सकाळी साडेदहाला ठरली. इंजिनात आग घालायची परवानगी नाही, म्हणून शिट्टीला कॉम्प्रेसरची हवा जोडलेली. साहेब घड्याळ घेऊन खाली उभे. मी वर चढलो, दोरी ओढली.

आता ह्या भागात ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना समजेल. इथं चाळिशीच्या वरच्या माणसाच्या अंगात भोंगा मुरलेला आहे. घड्याळ मागाहून आलं. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला शेतात, मधल्याला भाकरी सोडायची. लग्नाची बोलणीसुद्धा ‘भोंगा व्हायच्या आत या’ अशी ठरायची. सायरन आल्यापासून तो आवाज कुणी ऐकला नव्हता, पण कान विसरले नव्हते.

मी दोरी ओढली आणि शेजारच्या उसात खुरपणाऱ्या सगळ्या बायका एका दमात उठल्या, खुरपी टाकली, आणि लिंबाखाली भाकरीची फडकी सोडायला लागल्या. फाट्यावरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाची एक बाजू करून वस्तरा मिटला आणि डबा उघडला. रस्त्यानं चाललेला ट्रॅक्टर बांधाला थांबला. तरणी पोरं तेवढी इकडेतिकडे बघत राहिली, ह्या म्हाताऱ्यांना काय झालं म्हणून. मी तर असंही ऐकलं की दोन कोसांवरची एक म्हैस वेळ झाली समजून पान्हावली. पण ते मी स्वतः पाहिलेलं नाही.

आणि आमचा हवालदार. फौजेतून आल्यावर त्यानं बारा वर्षं कारखान्याच्या गेटवर काढलेली. आवाज झाला तसा तो ताडकन उठला, संग्रहालयाचं फाटक सताड उघडलं आणि बाजूला सावधानमध्ये उभा राहिला.

साहेबांनी विचारलं, “फाटक का उघडलंत?”

“शिफ्ट सुटली न्हवं सायेब?”

“कसली शिफ्ट?”

हवालदार उघड्या फाटकाकडे बघायला लागला. त्याच्याही लक्षात येईना, आपण काय केलं ते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत उजेड पडला. मी वरूनच मान हलवली, नको म्हणून.

“साहेब,” मी खाली उतरत म्हणालो, “इथली माणसं साडेदहाला भुकेलेलीच असतात. निमित्त लागतं.”

साहेब उसाकडे बघत राहिले. बायका आरामात ठेचा वाटून घेत होत्या.

“बरं,” ते म्हणाले. “तरी एकदा खात्री करून घेऊ. हे इंजिन ज्यांनी चालवलं ते ड्रायव्हर मिरजेत आहेत. त्यांना बोलावलंय गुरुवारी. ते ओळखतील.”

गुरुवारपर्यंत माझी झोप म्हणजे गळक्या व्हॉल्व्हसारखी होती, नुसती फुसफुस. बायको म्हणाली, “सांगून टाका.” मी म्हणालो, “सांगितलं तर घरी बसावं लागंल.” तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग नका सांगू.”

ड्रायव्हर एसटीनं आले. पंच्याऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, हातात काठी, आणि कानानं चांगलेच जड. मी स्टँडवरूनच त्यांना ताब्यात घेतलं. चहा पाजला, पान दिलं, आबा आबा करत माझ्या चार गोष्टी त्यांच्या कानात ओरडून सांगितल्या. बिबट्यासकट. म्हटलं, माणूस आपला झाला पाहिजे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एकदा चढाला माझ्या बॉयलरमधलं पाणी सपलं. डब्यात लग्नाचं वऱ्हाड. मग काय करतो, वऱ्हाडाचा सगळा मठ्ठा टाकीत वतला. मिरजंपतूर इंजन जिऱ्याचा वास मारत आलं.”

मी तीस वर्षं बॉयलरवर काढली. मठ्ठ्यावर इंजिन चालत नाही हे मला कळतं. तरी मला हेवा वाटला, कारण जिरं मला सुचलं नसतं.

इंजिनापाशी आल्यावर मात्र ते बोलायचे थांबले. काठी माझ्याकडे दिली. दांडीला धरून असे वर चढले की मला हात द्यायची वेळच आली नाही. भट्टीचं दार उघडून पाहिलं, दाबाच्या काट्याची काच सदऱ्याच्या टोकानं पुसली. मग शिट्टीची दोरी धरली, डावा तळवा बॉयलरच्या पत्र्यावर सपाट ठेवला, आणि ओढली. दोनदा आखूड, एकदा लांब. कानानं नव्हे, त्या तळव्यानं ऐकत होते ते. लांबची संपली तरी हात तिथंच होता.

खालून साहेबांनी मोठ्यानं विचारलं, “काय आबा? हीच का?”

ड्रायव्हरांनी माझ्याकडे एक नजर टाकली. “हीच,” ते म्हणाले. “दुसरी कुठली असंल?”

साहेबांचा चेहरा असा फुलला की तसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. ते नोंदवही आणायला खोलीकडे धावले. अक्षरशः धावले. मला वाटलं, जिंकलो. मी वर चढून ड्रायव्हरांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, “आबा, उपकार झाले.”

“आमच्या इंजनाची शिट्टी बारीक होती रं गड्या, वासरागत,” ते हळूच म्हणाले. “ही म्हशीगत हाय. कारखान्याची का?”

“व्हय. पण मग खोटं का बोललात?”

“न्हाई म्हणालो असतो तर तुमच्या सायबानं काढून टाकली असती. मला अजून एकदा वडायची हाय.”

साहेब वही घेऊन आले. प्रत्येक वस्तूला त्या वहीत एक पान. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: शिट्टी, मूळ, या इंजिनाच्या चालकांनी स्वतः वाजवून ओळखली. ड्रायव्हरांनी खाली सही ठोकली, हात न थरथरता. मग साहेबांनी पेन माझ्याकडे केलं. “मिस्त्री, साक्षीदार म्हणून तुम्ही करा. आणली तुम्हीच.”

मी वही मांडीवर घेतली. तारीख, वेळ, नोंद, सही. चार रकाने. तेच चार रकाने, जे तीस वर्षं माझ्यापुढे होते. बॉयलर हाऊसच्या लॉगबुकात दर तासाला दाब किती, पाणी किती, ते लिहून सही करायची. तिथं एकदा जरी काटा होता त्यापेक्षा वेगळा लिहिला, तर पुढच्या पाळीचा माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवून आग वाढवतो, आणि मग त्याच्या घरच्यांना निरोप पाठवावा लागतो. मी तोंडानं काटा कुठंही नेईन, नेतोच. पेनानं नाही नेला कधी. वरिष्ठांनी सांगितलं तरी नाही, डोळ्यांवर झापड असताना नाही.

पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पडला.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“सही होत नाही, साहेब.”

“का?”

“तो कारखान्याचा भोंगा आहे.”

ड्रायव्हरांना ऐकू आलं नसावं, पण माझं तोंड बघून कळलं असावं. “घ्या,” ते स्वतःशीच म्हणाले, “गेली शिट्टी.”

साहेबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मी सगळं सांगितलं. भंगारवाला नाही, उलथनी होती. गंज नव्हता, नंबर होता. ड्रायव्हरांनी माझ्यासाठी नाही, दोरीसाठी खोटं सांगितलं, आणि त्यात त्यांची चूक धरू नका. मी एवढं सरळ आणि एवढं थोडक्यात आयुष्यात कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मी खिशातली शेडची किल्ली काढून वहीवर ठेवली. ती मागायची वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून.

साहेबांनी किल्लीकडे पाहिलंच नाही. त्यांनी ते पान काळजीपूर्वक आडव्या रेघेनं खोडलं. “नंबर काय होता?” त्यांनी विचारलं.

“पाठ आहे.”

“मग लिहा. वहीत आणि पाटीवर. तुमच्या हातानं.”

पेंटरचा डबा शेडमध्येच होता. मी खाली उतरलो, ‘मूळ’ची पाटी काढली, टर्पेंटाइननं पुसली, आणि लाल रंगात ब्रश बुडवला. रंगारी मी नाही. अक्षरं पाण्याच्या काचेतल्या बुडबुड्यांसारखी वरखाली झाली. पण लिहिलं सगळं. साखर कारखान्याचा जुना वाफेचा भोंगा. त्याचा नंबर. मूळ शिट्टी नाही. बसवणारा, बॉयलर अटेंडंट. मग पाटी साहेबांपुढे धरली.

त्यांनी एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“साखर कारखान्याचा जुना वाफेचा भोगा,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “भोगा?”

मी पाहिलं. घाईत अनुस्वार राहिला होता.

“भोगतोय की, साहेब,” मी म्हणालो.

साहेब हसले. मोठ्यानं नाही, नाकातून, नळीतून हवा सुटावी तसे. ड्रायव्हरांनी वरून विचारलं, काय झालं. मी खुणेनं सांगितलं, दोरी धरा. साहेबांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, ‘भो’च्या डोक्यावर एक ठिपका दिला, तो जरा मोठाच पडला, आणि वहीवरची किल्ली उचलून माझ्याकडे दिली.

“उद्या आठला या,” ते म्हणाले. “कॉम्प्रेसरच्या नळीतून हवा गळतेय.”